डाव्या डोळ्यात पाणी

आमच्या चर्चच्या मिशन समितीच्या सेक्रेटरी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. घरात बोलतात तशाच त्या समितीतही बोलतात, म्हणजे समोरच्याच्या होकाराची वाट न पाहता. एका शनिवारी सकाळी त्या आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक जाड फाइल आदळली.

"अगं, तुझं ते प्रयोगशाळेतलं डोकं जरा देवाच्या कामाला लाव. मिशन रविवारी मुख्यालयातून पाहुणे यायचेत. आलेख हवा. वर जाणारा."

"आकडे वर जात असतील तर जाईल, ताई."

"जातात. वर्षभरात एकशे त्रेसष्ट जणांना सुवार्ता सांगितली आपण. एकशे त्रेसष्ट! आणि त्यात तुझा एकही नाही, हे मी कुणाजवळ बोललेले नाही."

"नाही बोललीस?" नवऱ्याने चहाच्या कपातून डोकं वर काढलं. "मग पाळकांना स्वप्न पडलं असेल."

आमच्याकडे प्रत्येक सभासदाने महिन्याला एक साक्षपत्रक भरायचं असतं. कुणाला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली, अंदाजे वय, तारीख, ठिकाण, किती वेळ, प्रतिसाद काय. ऐकणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून नाव लिहायचं नाही. दर पत्रकामागे हॉलमधल्या जगाच्या नकाशात एक टाचणी टोचली जाते. नकाशा भिंतभर आहे, पण आमचं गाव त्यात तिळाएवढं. तिथे दहा-बाराच टाचण्या मावल्या, बाकीच्या शेजारच्या समुद्रात टोचल्या आहेत. लांबून बघितलं तर वाटतं, आपण माशांमध्ये फार मोठं काम केलंय.

माझं पत्रक दर महिन्याला कोरं जातं. अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या आत्म्याची चौकशी करायची मला हिंमत होत नाही. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या बाटल्या बोलत नाहीत, मलाही बोलायला लावत नाहीत.

दुपारी मी सगळी पत्रकं टेबलावर मांडली आणि प्रतिसादाचा रकाना वाचायला घेतला. "मान खाली घालून अत्यंत नम्रतेने ऐकलं." "शेवटपर्यंत मान वर केली नाही. पश्चात्ताप स्पष्ट दिसला." "डावा डोळा पाणावला." "डाव्या डोळ्यातून अश्रू. प्रभूची स्तुती असो."

मी मोजलं. एकशे एकेचाळीस पत्रकांत मान खाली होती. अठ्ठ्याऐंशी पत्रकांत डावा डोळा ओला होता. उजवा एकदाही नाही. आता पश्चात्तापाचं मला फारसं कळत नाही, पण तो दोन्ही डोळ्यांना साधारण सारखाच व्हायला हवा. वेळ सगळीकडे सात ते बारा मिनिटं, वय साठच्या आसपास, ठिकाण 'चर्चजवळ'. आणि एका महिन्यात सलग पंधरा दिवस एकही साक्ष नाही. समितीच्या इतिवृत्तात त्याचं कारण "प्रतिकूल हवामान" असं दिलं होतं.

प्रयोगशाळेत एकदा चाळीस ठिकाणच्या पाण्याचे नमुने आले होते. क्षार, गढूळपणा, सगळं दशांशापर्यंत सारखं. नमुने आणणाऱ्या गृहस्थाने घरामागच्या एकाच नळाखाली चाळीस बाटल्या भरल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पाणी ते पाणीच की."

इथला नळ कुठे असेल याचा मला अंदाज आला. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि चर्चच्या फाटकाकडे निघाले.

फाटकाला लागून निळ्या पत्र्याची टपरी आहे. एक काचेची पेटी, चिमटे, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. घड्याळवाले साठीचे. डाव्या डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून ते कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"बसा. सेल बदलायचा?"

"हो."

"दहा मिनिटं लागतील. करा सुरुवात."

"कशाला?"

"सुवार्तेला. चर्चमधल्याच ना तुम्ही?" त्यांनी मान वर केली नाही. "सेलला दोन मिनिटं पुरतात खरं तर. पण तेवढ्यात कुणाचं आटपत नाही, म्हणून दहा सांगतो."

"मी सांगायला नाही, विचारायला आलेय. सेक्रेटरीबाईंची भावजय मी. आजवर किती जणांनी सांगितलं तुम्हाला?"

"मोजलं नाही. हेडमास्तर जगाच्या उत्पत्तीपासून धरतात, शेवटपर्यंत कधी पोचत नाहीत. दातांचे डॉक्टर सरळ नरकापासूनच सुरू करतात, धंद्याची सवय असेल. तुमच्या नणंदबाई…" ते थांबले.

"बोला हो."

"त्या मला प्रश्न विचारतात आणि माझी उत्तरंही त्याच देतात. मला बरं पडतं, हातातलं काम होतं."

"आणि डोळ्यात पाणी?"

"या भिंगानं. तीस वर्षं येतंय."

"कंटाळा नाही येत?"

आता त्यांनी भिंग काढलं. "तुमच्या त्या मेंढराच्या गोष्टीत एक मेंढरू हरवतं आणि धनी नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जातो. इथे मेंढरू आपलं जागेवर बसलंय, आणि नव्याण्णव मेंढरं रांगेनं येऊन त्याला सांगतायत, बाबा रे, तू हरवलायस."

मी हसले. ते हसले नाहीत.

"पहिली काही वर्षं गिऱ्हाइकाचं मन मोडू नये म्हणून ऐकायचो. मग आठ-दहा महिन्यांपूर्वी बायको गेली. पंधरा दिवस टपरी बंद होती. घरात बसून दुसरं काही आठवेना, हेच सगळं आठवत राहिलं. आणि पटलं. टपरी उघडली त्या दिवशी तिघं आले. कुठे होतात, असं कुणी विचारलं नाही. म्हणाले, बरं झालं उघडलीत, महिनाअखेर आहे."

पंधरा दिवसांचं प्रतिकूल हवामान मला समजलं.

"मग आत का येत नाही?"

"प्रत्येकाला म्हणतो, रविवारी मला घेऊन चला. बाप्तिस्मा घ्यायचाय मला. सगळे म्हणतात, अवश्य, अवश्य. आणि घड्याळ घेऊन जातात." त्यांनी माझं घड्याळ कानाशी धरलं. "एकदा गेलो होतो आत. तुमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते चालू केलं. तेवढ्यात लोक यायला लागले, म्हणून मागच्या बाकावर टेकलो. दारावरच्या भाऊंनी येऊन विचारलं, 'झालं ना काम?' आता एकट्यानं पुन्हा जायचं धाडस होत नाही या वयात."

गुरुवारी समितीची बैठक होती. पाळक, ताई, हेडमास्तर, दातांचे डॉक्टर आणि बिस्किटं. मी आलेख भिंतीला लावला. त्यात दोनच खांब होते. पत्रकं एकशे त्रेसष्ट. माणसं, फार तर, तेवीस.

कारण सांगायला मला चार मिनिटं लागली. 

"माझे नऊ वेगळे आहेत," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः जाऊन सांगितलंय."

"मागे निळा पत्रा होता?"

"एका बाजूला होता. थोडासा."

"हे बघा," हेडमास्तरांनी खडू हातात असल्यासारखं बोट उचललं, "माणूस एक असेल, पण साक्षी तर एकशे एकेचाळीस झाल्याच ना? शीर्षक बदला. 'किती जणांना' काढा, 'किती वेळा' घाला. एका अक्षराचं खोटं नाही."

पाळकांचा चेहरा उजळला. ताईंनी लगेच लिहून घेतलं.

"त्यांना आत यायचंय," मी म्हणाले. "बाप्तिस्मा घ्यायचाय. या मिशन रविवारी कुणीतरी सोबत आणायचं, एवढंच आहे."

ताईंचं पेन थांबलं. "म्हणजे सभासद होणार ते?"

"हो."

"सभासदाला सांगितलेलं धरत नाहीत."

"मग आम्ही जायचं कुणाकडे?" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते बिस्किटाकडे बघत बसले.

पाळकांनी हात जोडले. "घाई नको. मला वाटतं, त्यांना अजून थोड्या तयारीची गरज आहे."

"एकशे एकेचाळीस वेळा झालीय," मी म्हणाले.

"पुढच्या वर्षीच्या मिशन रविवारनंतर बघू." ठराव एकमताने मंजूर झाला. मी समितीत नसल्याने माझं मत नव्हतंच.

परतताना ताई माझ्या चार पावलं पुढे चालल्या. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "घरचं माणूस असून चारचौघांत तोंडघशी पाडलंस. आकडे म्हणे!"

मिशन रविवारी उपासनेला पाऊण तास असताना मी टपरीशी गेले. टपरी उघडी होती आणि घड्याळवाल्यांचा सदरा इस्त्रीचा होता. तो दर रविवारी असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"चला," मी म्हणाले.

त्यांनी भिंग खिशात टाकलं, टपरीची फळी लावली आणि दोनदा ओढून पाहिली.

दारावरचे भाऊ पुढे आले. "आज घड्याळ चालू आहे."

"माहीत आहे. हे माझ्याबरोबर आहेत."

बाकं भरली होती. पहिल्या बाकावर ताई आणि ताईंशेजारी त्यांची पर्स, ऐसपैस.

"ताई, जरा सरका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं, आणि त्या सरकल्या.

पाहुणे दूरदूरच्या देशांबद्दल बोलले. मग म्हणाले, "आज इथे उपासनेला पहिल्यांदा आलेलं कुणी आहे?" घड्याळवाले उभे राहिले.

"वा! यांना सुवार्ता कुणी सांगितली?"

डॉक्टरांचा हात वर गेला. मग हेडमास्तरांचा. मग ताईंचा. मग मागून सळसळ ऐकू आली. मी वळून मोजलं, चौसष्ट हात वर होते. दारावरच्या भाऊंचाही.

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. "एका माणसासाठी एवढी मंडळी! अनेक देश फिरलो, पण असं कुठे पाहिलं नाही."

पाळकांनी डोळे मिटले. लांबून ती प्रार्थना वाटली असेल.

"आणि आज यांना आत कुणी आणलं?"

हात वर गेले होते त्यापेक्षा बरेच लवकर खाली आले. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली.

त्या महिन्यात मी पहिल्यांदा पत्रक भरलं. ठिकाण, फाटक. वेळ, अर्धं मिनिट. काय सांगितलं, "चला". ताईंनी ते परत पाठवलं. यांची नोंद आधीच झाली आहे, म्हणाल्या.

बाप्तिस्मा महिन्याभरात झाला. पाहुण्यांनी पत्र पाठवून तारीख विचारली होती, त्यामुळे तयारी एकदम पूर्ण झाली. घड्याळवाल्यांना दाखल्याबरोबर साक्षपत्रकांचा कोरा गठ्ठा मिळाला. नियम त्यांनी भिंग लावून वाचले.

महिनाअखेरीला मी पट्टा बदलायला टपरीशी उभी होते. दातांचे डॉक्टर आले, सवयीने घड्याळ काढून स्टुलावर बसले, आणि मग काहीतरी आठवून अर्धवट उठले.

"बसा डॉक्टर," घड्याळवाले म्हणाले. "दहा मिनिटं लागतील. सुवार्ता ऐकलीय का तुम्ही?"

"मी? अहो, मीच तुम्हाला सांगितली की!"

"सांगितलीत. ऐकलीय का, ते विचारतोय."

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. घड्याळवाल्यांनी भिंग काढून पेटीवर ठेवलं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी ताईंनी घड्याळवाल्यांचं पत्रक माझ्या ओट्यावर आणून आदळलं.

"सभासदाला सांगितलेलं धरत नाहीत, हे समजाव त्यांना."

"समजावलं, ताई. ते म्हणाले, नका धरू."

मी पत्रक वाचलं. अक्षर बारीक आणि स्वच्छ होतं. एक मनुष्य, वय पंचावन्नच्या आसपास, दातांचे काम करतो. वेळ बारा मिनिटं. मान खाली. डोळे दोन्ही कोरडे. प्रतिसाद: अजून थोड्या तयारीची गरज आहे.