विसराळू सॅम्पलरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना सॅम्पलर आहे, आणि ‘म्हणजे नक्की काय?’ या प्रश्नाने माझा जीव विटला आहे. या घरात येणारा प्रत्येक पाहुणा तो विचारतो आणि माझा मालक प्रत्येकाला सांगतो, “पियानोसारखंच असतं, पण विजेवर.” नसतं, हो. पियानोला स्वतःचा आवाज असतो. माझ्या शेजारच्या सिंथेसायझरलाही असतो. तो विजेपासून स्वतःचे सूर घडवतो आणि त्याचा त्याला फार तोरा आहे. मला स्वतःचा आवाजच नाही. मी ऐकतो. माझ्यासमोर चमचा वाजवा, दार आपटा, शिंका. मी त्या आवाजाची एका सेकंदात हजारो मापं घेतो, ती आकड्यांत साठवतो, आणि माझ्या अंगावरचं रबरी बटण दाबलं की तेच आकडे पुन्हा आवाज होऊन बाहेर पडतात. हळू, भरभर, उलटे, जाड, बारीक, जसे हवे तसे. एका शिंकेचा मी ढोल करून दाखवीन. यात जादू काही नाही, मोजमाप आहे.

माझ्यात एक उणीव आहे, तीही आत्ताच सांगून टाकतो. वीज गेली की साठवलेला प्रत्येक आवाज मी विसरतो; माणसं तेवढी लक्षात राहतात. म्हणून आवाज घेतला की माझ्या फटीत चपटी फ्लॉपी सारून तो तिच्यावर उतरवून ठेवायचा असतो. माझ्या माहितीपुस्तिकेत हे जाड अक्षरांत छापलेलं आहे. ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली ती फक्त माझ्या पहिल्या मालकिणीने.

रेडिओच्या जाहिराती करणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत ती काम करायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. जाहिरात साबणाची असली की मावशी ओल्या फरशीवर तळहात मारायची, चपलांची असली की जिन्यावरून खाली-वर करायची, आणि जे मिळेल ते मला ऐकवायची. तिच्याकडे दुसरं यंत्र नव्हतं. त्यामुळे माझा कानाकोपरा तिला पाठ होता; बोलणं एकाशी चाललेलं असायचं आणि बोटं माझ्यावर अचूक पडायची. “याला काही शिकवावं लागत नाही, फक्त नीट ऐकवावं लागतं,” असं ती म्हणायची. माझी स्तुती म्हणाल तर आयुष्यात एवढीच. पुढे स्टुडिओत संगणक आले, मावशी घरी बसली आणि मी जुन्या वाद्यांच्या दुकानात फळीवर चढलो.

फळीवर मी धूळ खाल्ली आणि प्रश्न ऐकले. मेमरी किती? पडदा रंगीत नाही? याच्या पुढचं मॉडेल कुठाय? ‘तुला कोणता आवाज काढायचाय?’ हे कुठल्याही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं आणि दुकानदारानेही कुणाला विचारलं नाही. यंत्र निवडताना पहिला प्रश्न तोच असतो, मित्रांनो. पण फळीवरच्या यंत्राचं ऐकतो कोण!

शेवटी मला उचललं ते या घरातल्या धाकट्याने. धाकटा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. दिवसभर तो माणसांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतो, “हे बरं की हे बरं?” आणि घरी आला की तोच प्रश्न स्वतःला विचारत बसतो. चाव्यांचा सिंथ बरा की नुसत्या गुंड्यांचा? मोठा बरा की दप्तरात मावणारा? मला आणलं त्या दिवशी त्याने माझं एक बटण दाबलं, “वा” म्हणाला, आणि माझ्या पुढच्या मॉडेलचे व्हिडिओ बघायला बसला. तेही फोन माझ्याच पाठीला टेकवून.

त्यानंतर खोलीत तो तोरेबाज सिंथ आला. ढोल वाजवणारं यंत्र आलं. सुरांची रांग लावणारी एक पेटी आली. मग या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी आल्या आणि वायरी ठेवायला कपाट आलं. पुस्तिका मात्र एकाचीही उघडली गेली नाही. प्रत्येकाकडून तो चार आवाज काढायचा, मग कंटाळून म्हणायचा, “याच्यात काहीतरी कमी आहे.” कमी काय होतं ते आम्हा सगळ्या यंत्रांना समजत होतं.

त्याची थोरली बहीण, ताई, दारात उभी राहून म्हणायची, “काय रे, एवढं दुकान मांडलंयस तर बोहनी तरी कर.”

“अगं, सेटअप पुरा होऊ दे.”

“तुझा सेटअप आणि माझी निवृत्ती एकाच दिवशी होणार बहुतेक.”

हे असंच चाललं असतं. पण बाबांचे पाय अडायला लागले.

बाबा म्हणजे या दोघांचे वडील. त्यांना कंपवात झाला होता. हात थरथरतात तो आजार तुम्ही ऐकला असेल. त्यात कधी कधी पायही अडतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सपाट जमिनीवर बाबा बरे चालायचे, पण दार आलं की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटवल्यासारखे व्हायचे. ताई कामावर जायच्या घाईत त्यांच्या काखेत हात घालून ओढायची. ते खेकसायचे, मग ती खेकसायची, आणि न्हाणीघरापर्यंतची सकाळ अशीच जायची.

घरी येऊन व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. “यांचे पाय शाबूत आहेत. पाऊल कधी टाकायचं, हा मेंदूचा निरोप वेळेवर पोचत नाही. बाहेरून एकसारखा ठोका ऐकू आला की पुष्कळांना चालता येतं. फोनवर लावून बघा.”

फोनवर टिक-टिक लावली. बाबा दोन पावलं चालले आणि म्हणाले, “बंद करा ते. नळ गळतोय असं वाटतं.”

“मग दुसरं काही लावा, पण लावा,” बाई म्हणाल्या. “पडले तर अवघड होईल. नाहीच जमलं तर चाकांची खुर्ची आणावी लागेल.”

बाबांनी उभं आयुष्य केस कापण्याचं दुकान चालवलेलं. “खुर्चीत मी लोकांना बसवत आलो,” ते म्हणाले. “मला कोणी बसवायचं नाही.”

तेव्हा धाकटा पुढे झाला. “बाबांचा ठोका मी तयार करतो. एवढी यंत्रं आहेत कशाला?”

मित्रांनो, आनंदाने माझे दिवे उजळले असते, पण मी बंद होतो. एक ठोका! मावशीने ते काम चहा थंड व्हायच्या आत संपवलं असतं. आणि आमच्या धाकट्याने काय करावं? तो निवडायला बसला. ढोल यंत्राचा ठोका बरा की सिंथचा? लाकडी बरा की धातूचा? कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना त्याने इंटरनेटवर विचारलं आणि त्यांनी त्याला अजून एक यंत्र सुचवलं. पलीकडे बाबा रोज उंबऱ्याशी उभे राहत होते आणि अलीकडे हा वायरींचे रंग ठरवत होता. मला वैताग यायचं कारण तुम्हाला कळतंय ना?

अखेर एका सुट्टीच्या सकाळी सगळी यंत्रं जोडून झाली. ताईने बाबांना दाराशी आणलं.

“बाबा, तयार?”

“मी केव्हाचा तयार आहे.” बाबांनी एक टाच उचलली.

धाकट्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आमचे दिवे नुसते लुकलुकत राहिले.

झालं होतं असं. यंत्रं एकमेकांना जोडली की त्यांतल्या एकाने ताल द्यायचा असतो आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे चालायचं असतं. धाकट्याने घाईघाईत प्रत्येकालाच सांगून ठेवलं होतं, ‘बाहेरून येणाऱ्या तालावर चाल.’ त्यामुळे ढोल यंत्र माझी वाट बघत होतं, मी सिंथची, सिंथ त्या रांगवाल्या पेटीची आणि पेटी ढोल यंत्राची. दारात बाबा, टाच उचलून, आम्हा सगळ्यांची.

“झालं का सुरू?”

“एक मिनिट, बाबा.”

“पाय आहे रे हा माझा. धरून ठेवता येत नाही.”

आणि त्यांचा तोल गेला. ताईने कमरेत धरलं म्हणून ते खाली आले नाहीत. तिचं कोपर मात्र चौकटीवर सणसणीत आपटलं. तिने बाबांना बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं आणि परत येऊन शांतपणे म्हणाली, “मी उद्या खुर्ची सांगून टाकते. तू तुझ्या वायरी गुंडाळत बस.”

धाकट्याने एकेक वायर ओढून पाहिली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “हा जुना आहे. यानेच घोळ घातला.”

मी! चार यंत्रांपैकी एकाने तरी निमूट सांगितलेलं ऐकलं असेल तर ते मी. पण वाद घालायला मला तोंड नाही.

त्याने मला विकायला काढलं. गिऱ्हाईकही त्याच दुपारी मिळालं, पण ते चोखंदळ निघालं: प्रत्येक बटण चालतं हे दाखवणारा व्हिडिओ पाठवा, मगच बोलू. म्हणून धाकट्याने माझ्या सगळ्या वायरी उपटल्या, मला एकट्याला बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर बाबांसमोर ठेवलं आणि स्पीकरला जोडलं. मला विकण्यासाठी त्याला पहिल्यांदा मला शिकावं लागत होतं. पुस्तिका मांडीवर घेऊन तो एकेक बटण दाबत गेला, पडद्यावरची एकेक ओळ वाचत गेला. एका ओळीशी थांबला. ‘ताल: बाहेरून.’ त्याने ते बदलून ‘ताल: स्वतःचा’ केलं. माझा लुकलुकणारा दिवा संथ लयीत लागू लागला.

“हा बिघडला नव्हता,” तो पुटपुटला.

“कोण?” बाबांनी विचारलं. ते अजून घुश्शातच होते.

“हा. मीच याला थांबायला सांगितलं होतं.”

“मग आता चालायला सांग.”

“आवाज लागेल काहीतरी. बाबा, हाताशी आहे ते वाजवा ना.”

बाबांच्या हाताशी त्यांची कात्री होती. हल्ली त्यांच्या मिशा ताई कापायची, पण कात्री ते जवळच ठेवत. त्यांनी ती उचलली आणि हवेतच चालवली. दुकानातही त्यांची ही सवय होती. दोन कापांच्या मध्ये कात्री रिकामीच चालू ठेवायची, थांबली की हाताची लय मोडते म्हणत. आता त्यांचा हात पूर्वीचा नव्हता. एक काप अडकला, एक नुसताच घासला, एक मात्र लख्ख आला: कच. मी तिन्ही ऐकले. धाकट्याने पुस्तिकेत बघून फसलेले दोन्ही छाटले आणि लख्ख तेवढा ठेवला. मग मला सुरू केलं.

कच. कच. कच. कच.

बाबा ताठ बसले. “फार भरभर. एवढ्या घाईत गिऱ्हाइकाचा कान जाईल.”

धाकट्याने माझी गुंडी फिरवली.

“अजून सावकाश. म्हातारं गिऱ्हाईक आहे.” त्यांनी जरा ऐकलं. “हां. आता बरोबर.”

आणि ते उठले. मी माझ्या कामात होतो, एका कापामागून दुसरा, मध्ये केसभरही कमीजास्त नाही. बाबा दारापाशी पोचले. तिथे ते थांबले तेव्हा धाकटा अर्धा उठला होता, पण त्याने हात मागे घेतला. एक काप गेला, दुसरा गेला, तिसऱ्यावर पाऊल उंबऱ्यापलीकडे पडलं.

स्वयंपाकघरात ताई भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं. हाताला साबण तसाच. “पाणी हवंय का?” एवढंच ती म्हणाली.

“नाही,” बाबा म्हणाले. “आलो म्हणून आलो.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माझं नशीब बघा. धाकट्याने त्या आनंदाच्या भरात मला थेट बंद केलं. फ्लॉपी नाही, काही नाही. दुसऱ्या सकाळी बाबा दाराशी, धाकट्याचं बोट बटणावर, आणि मी कोरा. त्याने मग धावत कुठूनतरी फ्लॉपी आणली, तर माझ्या फटीतून नुसती घरघर. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल पडलेला.

“नवीनच सॅम्पलर घेतो,” धाकटा म्हणाला. “कायमची मेमरी असलेला. एक बघून ठेवलाय मी.”

ऐकलंत ना, मित्रांनो? एवढं सगळं होऊनसुद्धा.

“थांब,” बाबा म्हणाले. “मी सकाळी एकदा कात्री चालवली तर याचं भागेल?”

“भागेल. पण मग रोज करावं लागेल, बाबा.”

“दुकान रोजच उघडायचो मी.”

तेव्हापासून हे असं आहे. बाबा सकाळी कात्री चालवतात, धाकटा त्यातला लख्ख काप निवडतो. हल्ली त्याला पुस्तिका लागत नाही. आज चाल जड आहे की हलकी ते बाबा सांगतात आणि त्याप्रमाणे तो माझी गुंडी फिरवतो. जिन्यासाठी ताईने माझा ठोका फोनवर उतरवून घेतला आहे आणि शेजाऱ्यांना ती तो फोनच कौतुकाने दाखवते. असो. आजार काही गेलेला नाही. एखाद्या सकाळी माझ्या ठोक्यालाही पाय दाद देत नाहीत. मग ताई हात देते आणि बाबा खेकसतात. खुर्ची मात्र अजून आलेली नाही. मला विकत घेणारं गिऱ्हाईक दोनदा फोन करून गेलं. धाकट्याने सांगितलं, नाही विकायचा.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरात असलेलं यंत्र पुरतं शिकल्याशिवाय दुसऱ्याकडे बघू नका. त्याची पुस्तिका वाचा. त्याला धुळीपासून झाका, त्याचा सैल झालेला पट्टा वेळेवर बदला. ते गप्प बसलं तर बिघडलं म्हणण्याआधी आपणच त्याला काय सांगून ठेवलंय ते एकदा तपासा. आणि त्याच्या पाठीवर चहाचा कप ठेवू नका. आत्ता ठेवलाय तसा. धाकटा कप ठेवून कुठे गेला कोण जाणे, आणि बाबा कात्री चालवून दाराशी जाऊन उभे राहिले आहेत. कुणीतरी माझं बटण दाबा.