एकट्यानं चढवाची दोरी

माहा स्वभाव तापट हाय, हे आधीच सांगून टाकतो. आंधळगावाकडच्या आमच्या गावात कोनालेबी विचारा, परसरामची गोठ निघाली का पयले त्याच्या तोंडाचीच गोठ निघते. चिखल्याच्या खानीत तीस वर्षं जमिनीच्या पोटात काम केलं. तिथं मशिनीच्या आवाजात ओरडूनच बोला लागते, तीच सवय लागली. सत्यवती, माही बायको, म्हने का तुम्ही प्रेमानं बोलले तरी शेजारी खिडकी लावते. आता तिले जाऊन दोन वर्षं होऊन राहिले, अन् शेजाऱ्याची खिडकी दिवसभर उघडी असते. घरात ओरडाले कोनी उरलंच नाही.

आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते. दुकानं, पाळने, रातचं दंडारीचं नाटक, सगळं असते. पन दुपारी बोडीच्या, म्हंजे तळ्याच्या, पाळीवर तीरकमठ्याचा खेळ होते, त्याच्यासाठी आजूबाजूच्या गावचे लोक येतात. चिंचेच्या फांदीले नारळ टांगतात, पन्नास पावलांवरून तीन-तीन तीर माराचे. खेळाची एक रीत हाय. कमठा घरून दोरी चढवून आनाचा नाही. सगळ्यांसमोर चढवाचा, अन् तोबी दोघांनी. गडी गुडघ्यावर कमठा वाकवते, अन् घरची बाई दोरीचा फासा टोकाच्या खाचीत घालते. आई, बायको, वहिनी, कोनीबी चालते, पन घरची पायजे. बत्तीस वर्षं मी कमठा वाकवून "घाल" म्हनत आलो, अन् सत्यवती फासा घालत आली. एकदाबी तिचा हात चुकला नाही. चुकला असता तर माहं तोंड होतंच.

दोन वर्षांपूर्वीच्या मंडईतून घरी आलो. पाय दुखत होते, नारळ दुसऱ्यानंच फोडला होता, डोकं फिरलं होतं. ती म्हनाली, "दोरी उतरवून घेऊ ना जी, मंग बसा." कमठ्याची दोरी उतरवालेबी दोघं लागतात. मी तिच्यावर खेकसलो, "थकलो मी. उद्या पाहू."

सकाळी तिच्या छातीत दुखाले लागलं. गाडी करून भंडाऱ्याले नेलं. तिले परत घरी आनलं, पन चादरीत गुंडाळून आनावं लागलं.

कमठा खुंटीवर तसाच राह्यला, दोरी चढवलेली. आता बांबूचा कमठा चढवून ठेवला तर त्याचा जीव जाते, हे मले का मालूम नव्हतं? गावातल्या अर्ध्या लोकाईले मीच शिकवलं. कोनाच्या घरी चढवलेला कमठा दिसला तर त्याच्या सात पिढ्या काढत होतो. पन तो फासा तिनं घातला होता. उतरवला असता तर परत कोन घालनार होतं? राहू दिला. रोज त्याच्याकडं पाहे, रोज राहू दे.

मागच्या दिवाळीत भय्याजी घरी आले. मंडईचा सगळा कारभार तेच पाहतात, मानूस भला हाय. त्यांनी सांगतलं का त्यांची सून रक्षा फासा घालून देईल, तुम्ही फक्त उभे राहा. मी त्यांले काय नाही ते बोललो. माह्या घरची बाई तुम्ही उसनी देता काय, असंबी बोललो. बिचारे चहा अर्धा टाकून उठले. मी दार लावलं अन् भिंतीले टेकून रडलो.

यंदा पोळा झाल्यावर म्हनलं, पाहू तर खरं. कमठा खुंटीवरून काढला, मागच्या आंगनात एक तीर लावला, सोडला. पंधरा पावलांवर जाऊन तो गवतात झोपला. शेजारचा सुखराम कुंपनावरून पाहत होता. तो म्हनला, काका, हा मेला. मी त्याले शिव्या दिल्या, पन खरं तेच होतं.

माहा पोरगा धर्मेंद्र हैदराबादले असते. फोनवर त्याले सांगतलं तर त्यानं विचारलं का एखाद्या मंडईत नाही उतरले तर काय बिघडते, बाबा. काय बिघडते, हे त्याले कसं सांगाचं? वर्षभर मी आपला भाकर थापनारा एकटा म्हातारा असतो. त्या एका दुपारी मी परसराम असतो, लोक नावानं हाक मारतात. तेबी गेलं तर मंग मेलेलाच बरा. मी फोनवर एवढंच म्हनलं का मले नवा कमठा पायजे. त्यानं मोबाईलमधी शोधलं अन् सांगतलं, वरठीत खुशबू नावाची पोरगी पोरांले धनुष्यबान शिकवते, विकतेबी.

वरठीले गेलो. खुशबूचा बाप तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात, अन् ती स्वतः विद्यापीठाकडून खेळून आलेली. घरामागच्या मोकळ्या जागेत गवताचे भारे रचून निशान लावलेलं. भिंतीवर चार धनुष्यं. एक अखंड लाकडाचं होतं, चमकदार, टोकं पुढच्या बाजूनं वळलेली. माहा डोळा त्याच्यावरच गेला. तिनं मात्र दुसरंच हातात दिलं. मधी लाकडी मूठ, वर एक पात, खाली एक पात, दोन्ही बोल्टनं कसलेल्या. याले टेकडाऊन म्हनतात, म्हने. बोल्ट ढिले केले का तीन तुकडे होतात अन् थैलीत मावते.

मी म्हनलं, तोडून जोडाचं धनुष्य कोन्या कामाचं? ती काही रागावली नाही. तिनं टेपानं माहे दोन्ही हात पसरवून मोजले, अन् सांगतलं का तुम्हाले सहासष्ट इंची पायजे, अन् पात अठ्ठावीस पौंडाची. म्हंजे ओढाले अठ्ठावीस पौंडाचा जोर. मले झोंबलं. माहा बांबू चाळीसच्या वर होता. मी चाळीसचं मागतलं, खानीत तीस वर्षं काढली हेबी ऐकवलं. तिनं मुकाट्यानं चाळीसचं दिलं, अन् म्हनाली का ओढून दहा मोजेपर्यंत धरा.

सहालाच कोपर थरथराले लागलं. सातले दोरी परत गेली. म्हनतात ना, हात दाखवून अवलक्षन.

खुशबूनं तिकडं पाह्यलंच नाही, तीर पुसत राह्यली. मंग हळूच समजावलं का अखंड धनुष्य एकदा घेतलं का तेवढ्याच जोराचं राहते. याची पात बदलता येते. हात जमला तर जड लावा, वय झालं तर अजून हलकी लावा, मूठ तीच. हे मात्र माह्या डोक्यात बसलं. मानूस बदलला का पात बदलाची. अठ्ठावीसचं ओढून पाह्यलं, दहा मोजले, पंधरा मोजले. हेच घेतो म्हनलं.

ते चढवाले तिनं भिंतीवरून एक लांब पट्टा काढला होता. दोरीच, दोन्ही टोकांले चामड्याच्या टोप्या. टोप्या धनुष्याच्या टोकांवर चढवल्या, पट्ट्याच्या मधी पाय ठेवला, मूठ वर उचलली. पाती वाकल्या, अन् दुसऱ्या हातानं तिनं फासा खाचीत सरकवून दिला. एकटीनं. मी पाहतच राह्यलो.

थैली बांधता बांधता तिनं सहज विचारलं, "काकाजी, दोरी चढवाले घरी कोन हाय?"

"हाय ना," मी म्हनलं.

कायले म्हनलं, देवाले मालूम. जीभ आपल्या आप वळली. तिनं पट्टा परत खिळ्याले टांगला. मी थैली खांद्यावर घेतली अन् निघालो. रेल्वे फाटकापर्यंत आलो. फाटक बंद होतं. लंबी मालगाडी जाऊन राहिली होती, अन् मी तिथं उभा, खांद्यावर तीन तुकडे घेऊन. ज्याच्याबिगर ते एकट्यानं चढतच नाही, तेच खिळ्यावर ठेवून आलो होतो. वा रे परसराम. गाडी गेली, फाटक उघडलं, अन् मी उलटा फिरलो.

ती दारातच होती. मी म्हनलं, "तो पट्टा दे, पोरी. घरी कोनी नाही."

दोन वर्षांत हे मी कोनाजवळबी मोठ्यानं म्हनलं नव्हतं. तिनं पट्टा गुंडाळून हातात दिला अन् आत जाऊन चहा मांडला. मी निघतानी तिनं एकच गोठ तीनदा बजावली, खेळ झाला का दोरी उतरवाची, चढवलेलं ठेवाचं नाही. मी हाव म्हनलं. काय म्हननार होतो?

मंडईच्या दुपारी माह्या नावाचा पुकारा झाला. भय्याजी समोरच बसले होते. मी तीन तुकडे काढले, बोल्ट कसले. लोक कुजबुजाले लागले का हा दोरी कोनाच्या हातानं चढवते. कोनी आडवा आला तर काय बोलाचं हे मी महिनाभर पाठ केलं होतं, का घरचा मानूस पायजे ना, मंग मीच घरचा. बोलाची पाळीच आली नाही. पट्ट्यावर पाय ठेवला, मूठ उचलली, पाती वाकल्या, अन् बत्तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून मोठ्यानं निघालं, "घाल."

भय्याजीनं मान खाली घातली. मी माह्याच हातानं फासा सरकवला. दोन तीर गेले वाया, तिसरा नारळाले घासून गेला. नारळ बाजूच्या गावच्या एका पोट्ट्यानं फोडला. माह्या पाठीवर बऱ्याच जनांनी हात ठेवला, मी कोनावर खेकसलो नाही.

घरी आलो. पाय दुखत होते. तरी पयले काम तेच केलं, पट्टा लावला, दोरी उतरवली, पाती सोडल्या, थैलीत ठेवल्या. मंग खुंटीवरचा कमठा खाली घेतला. त्याच्या टोकांवर तोच पट्टा चढवला, पाय ठेवला, उचलला. तिनं घातलेला फासा खाचीतून निघाला, काही जोर लागला नाही. धुळीनं काळा झाला होता तो.

"उतरवली बघ," मी म्हनलं.

मंग पाय काढला, पट्टा सोडला अन् कमठा मोकळा केला. दोरी नव्हती, तरी तो सरळ झाला नाही. दोन वर्षं मीच धरून ठेवला होता.