येत्या गुरुवारी

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. ही ओळख माझी मलाच करून द्यावी लागते, कारण अम्मानच्या या लोकप्रशासन विद्यालयात रोज शेकडो मुलं माझ्यासमोरून जातात आणि मान वर करून कुणी बघत नाही.

एका म्हाताऱ्या सुतारानं माझी चौकट तासली आणि वर हिरवी बनात ताणून बसवली. तेव्हा माझा थाट काही औरच होता. मंत्र्याचं व्याख्यान असो, पाणीवाटपावरची चर्चा असो, की माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, बातमी आधी माझ्या अंगावर लागायची. सूचनेखाली रेघा आखलेल्या असत. येणाऱ्यानं तिथं नाव लिहायचं, म्हणजे मेजवानीचा मटण-भात, मन्सफ, किती जणांसाठी शिजवायचा ते कळे. कचेरीतल्या रिहाबबाई दर गुरुवारी शिळ्या सूचना आठवणीनं काढून टाकत.

मग फोन आले. कानामागून आले आणि तिखट झाले. रिहाबबाई निवृत्त झाल्या आणि माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. मला फार एकटं वाटू लागलं.

इथल्या पहिल्या तुकडीत शिकलेले उस्ताद बहजत तेवढे मला धरून होते. डोळ्यांच्या औषधासाठी महिन्यातून एकदा ते करक गावाहून बसनं येत आणि जाताना मला वाचून जात. त्यांचा साधा फोन बोलण्यापुरताच होता.

यंदा मेळाव्याची सूचना सगळ्यांच्या फोनवर गेली. रीत म्हणून एक कागद माझ्यावरही टाचला: ‘येत्या गुरुवारी, असरच्या नमाजानंतर.’ तारीख घालायचं कुणाला सुचलं नाही. मेळावा झाला, कागद तसाच राहिला. तीन दिवसांनी बहजत आले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खुशीत परत गेले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठलं?

गुरुवारी ते इस्त्रीचा कोट घालून, कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन हजर झाले. सभागृहाला कुलूप होतं. पहारेकरी अबू जवाद खाली बघत म्हणाला, "मेळावा मागच्याच गुरुवारी झाला, उस्ताद. कॅनडाहून नुमानसाहेब आले होते. दारापाशी उभे राहून तुमची वाट बघत होते. परवाच गेले परत."

नुमान म्हणजे बहजत यांचा खोलीतला सोबती. एकतीस वर्षांत दोघांची भेट नव्हती.

"मला कुणी कळवलं नाही," बहजत म्हणाले.

"सगळ्यांच्या फोनवर आलं होतं म्हणे."

त्यांनी माझ्या बनातीवर हात ठेवला. "माझा फोन हाच, बाबा."

मित्रांनो, आयुष्यात मी एकदाच खोटं बोललो, तेही माझ्यावर प्रेम करणाऱ्या एकुलत्या एका माणसाशी. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो: सूचना शिळी झाली की काढा. कुणीतरी अजून तिच्यावर विश्वास ठेवून बस पकडतं.

बहजत आणि अबू जवाद, दोघांनी माझ्यासमोर बसून कुनाफा खाल्ला. मग बहजत यांनी तो कागद काढला आणि मागच्या बाजूला लिहिलं: ‘पहिल्या तुकडीचा मेळावा, येत्या गुरुवारी.’ या वेळी तारीख घातली. खाली रेघा आखल्या, पहिल्या रेघेवर आपलं नाव लिहिलं आणि पेन पुढं केलं.

"मी कुठं इथं शिकलोय, उस्ताद?" अबू जवाद संकोचला.

"आमच्या तुकडीला दार कोण उघडायचं? लिही."

दुसऱ्या रेघेवर त्याचं नाव आलं. उद्या गुरुवार आहे, आणि तिसरी रेघ अजून रिकामी आहे.