जेवढं निघालं तेवढं

कंपाउंडरचं अख्खं आयुष्य मापात गेलं होतं. अडतीस वर्षं एका डॉक्टरच्या दवाखान्यात फळीमागं उभं राहून त्यानं लाल, पिवळी, पांढरी औषधं बाटल्यांत भरली, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती बाटलीवर चिकटवली आणि येईल त्याला एकच वाक्य ऐकवलं, "एका वेळी एक खूण. जास्त नाही, कमी नाही." डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, त्यालाही पाच वर्षं झाली. गल्लीतले लोक त्याला अजून कंपाउंडरच म्हणत.

त्या शनिवारी सकाळपासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन तो दारात जायचा, गाडीकडं बघायचा, परत आत यायचा. तीन वेळा असं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकतर बाहेर उभे राहा, नाहीतर आत बसा. माझी फरशी ओली आहे."

गाडी बावीस वर्षांची. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. गिअर आपोआप बदलणारी; फक्त पुढं जायचं की मागं, एवढंच दांड्यानं सांगायचं. पुढं ती अजून बरी जात होती. पण गेल्या महिन्याभरात मागं जायचं म्हटलं की आधी विचार करायची. एक सेकंद, कधी दीड. मग हिसका देऊन हलायची.

आणि उद्या तिला मागंच जायचं होतं. थोरली बहीण, अक्का, चार तासांवर राहायची. तिच्या घराच्या मालकाला घर परत हवं होतं. रविवारी दुपारी बाराला चाव्या द्यायच्या आणि अक्कानं कायमचं कंपाउंडरकडं राहायला यायचं, असं ठरलं होतं. अक्काचं घर एका अरुंद उताराच्या तळाशी. तिथं गाडी वळत नाही. सरळ खाली उतरायचं आणि उलटं वर चढायचं.

"मग उलटेच खाली जा आणि सरळ वर या," बायको म्हणाली.

"वर मोठा रस्ता आहे. ट्रक धावतात. तिथं उलटं वळायला कोण थांबणार माझ्यासाठी? बाहेर येताना निदान कडेला थांबून वाट बघता येते."

"मग भाड्याची गाडी करा."

भाड्याची गाडी कंपाउंडरला करायचीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी अक्काचा नवरा शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हाही हा हीच गाडी घेऊन निघाला होता. वाटेत रेडिएटर फुटला. एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून तो पोचला, तेव्हा सगळं आटोपलं होतं. अक्का एका शब्दानं बोलली नाही. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला सहा वर्षं वाटत होतं. आता तिनं सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझा छोट्या येणार आहे, त्याच्याच गाडीतून जाणार मी. छोट्याचं वय चौसष्ट.

बायकोचा धाकटा भाऊ गॅरेजवाला. त्याला गुरुवारी गाडी दाखवली होती. त्यानं दांडा दोनदा मागंपुढं केला आणि विचारलं, "दाजी, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं?"

"कधीच नाही."

"मग आता बदलू नका. एवढी चाललेली गाडी, आतल्या पट्ट्या झिजल्यात. तेलात जी घाण आहे ना, तीच त्यांना धरून ठेवतेय. घाण काढलीत की गाडी जागची हलायची नाही."

"अशीच नेली तर चढेल का उलटी?"

"जाईल व्यवस्थित. चढेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

असं उत्तर कुणा पेशंटला दिलं असतं तर डॉक्टरनं त्याला दवाखान्यातून हाकललं असतं. शुक्रवारी कंपाउंडर जाऊन नवं तेल घेऊन आला, आणि शनिवारी चहाचा तिसरा कप अर्धा टाकून कामाला लागला.

दहा मिनिटं गाडी फिरवून तेल गरम केलं. पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, खाली नेहमी असणाऱ्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकला. आधी वरून तेल ओतायची वाट उघडी असल्याची खात्री केली होती. एवढी अक्कल शाबूत होती. मग खालचं बूच सोडलं. आटवलेल्या चहासारखं काळपट तेल घमेल्यात पडू लागलं. वास जळका. बुचाच्या टोकाला लोहचुंबक, त्यावर करडा लेप. त्यानं तो दोन बोटांत चोळून पाहिला. मलमासारखा मऊ, कण नाहीत, कचही नाही. त्याला थोडा धीर आला.

घमेल्यातलं तेल त्यानं दवाखान्यातल्या मापाच्या ग्लासानं मोजलं. तीन लिटर शंभर. नव्या डब्यावर पट्टी चिकटवली, खाचा पाडल्या. बूच बसवलं. जेवढं निघालं तेवढं घालायचं, जास्त नाही, कमी नाही. नवं तेल खोकल्याच्या औषधासारखं लालभडक होतं. नरसाळ्याला दवाखान्यातलीच एक लांब रबरी नळी जोडून त्यानं ते सावकाश आत सोडलं.

"ही एनिमाची नळी ना?" बायकोनं दारातून विचारलं.

"धुतलेली आहे."

"गाडीला चालेल ना?"

तेल घालून झालं. गाडी सपाटीवर उतरवली, इंजिन बंद केलं, तेल बसायला अर्धा तास दिला, तेलाची पातळी दाखवणारी कांडी पुसून बुडवली आणि पाहिली. बरोबर वरच्या खुणेवर. त्याला तेव्हाच हात धुऊन मोकळं व्हावंसं वाटलं.

मग त्यानं गाडी चालू करून दांडा मागं टाकला. इंजिन घुमलं. गाडी हलली नाही. एक, दोन, तीन, चार. आणि मग असा धक्का बसला की डॅशबोर्डवरचा चष्मा त्याच्या पायाशी पडला. पुन्हा केलं. आता पाच सेकंद. तिसऱ्यांदा करायची त्याची छाती झाली नाही.

कंपाउंडर खाली उतरला. तो गाडीभोवती फिरू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या. बॉनेट उघडायचा, बंद करायचा. मेव्हण्याचं बोलणं डोक्यात घण घालत होतं. तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"छोट्या, शिवणयंत्र मावेल ना रे?"

"मावेल."

"आणि कुंड्या? आठ आहेत."

"मावतील."

"मी आठ वाजल्यापासून पायरीवर बसते."

"एवढ्या लवकर कशाला? मला दहा वाजतील."

"मग कुठं बसू? खुर्च्या कालच गेल्या." थोडं थांबून ती म्हणाली, "गाडी बरी आहे ना?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याला नेहमी घसा खाकरावा लागे, तसा तो खाकरला. अक्काला ही सवय त्याच्या पाचव्या वर्षापासून माहीत होती. तिनं फोन ठेवला.

त्यानं आतून जुनं धोतर आणलं, घमेल्यावर ताणून बांधलं आणि ते काळं तेल गाळून बाटल्यांत भरायला बसला. बायको आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"परत घालतो. घाणच धरून होती तिला."

"काढलेलं परत घालणार?"

"मग काय करू? तूच सांग."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पण दवाखान्यात कुणाच्या पोटातलं काढून परत घातलं होतंत का कधी?"

त्यानं धोतराची गाठ आवळली. खाली झोपायला कोरडा पुठ्ठा मागितला. आधीचा तेलानं भिजला होता. तिनं दारामागून एक काढून दिला. दारामागं सात-आठ पुठ्ठे नीट एका मापाचे कापून उभे केलेले त्याला दिसले.

"एवढे पुठ्ठे कशाला?"

"गाडीखाली घालायला. दर महिन्याला बदलते."

गाडीखालचा पुठ्ठा तो रोज बघत होता. मांजर बसतं म्हणून घातलाय, असं तो समजून चालला होता.

"का बदलतेस?"

"फरशीवर डाग पडतात म्हणून. तांबडे, चिकट. घासून निघत नाहीत."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

कंपाउंडरच्या हातातली बाटली तशीच राहिली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गाडी उघडून बसला असता. मागं नळ गळत होता तेव्हा तुम्ही तो उघडलात आणि आठ दिवस मी शेजारून पाणी भरलं. त्यापेक्षा पुठ्ठा बरा."

तो धोतर, बाटल्या, नरसाळं सगळं सोडून उठला. दोन वर्षं थेंब थेंब. म्हणजे त्यानं जे तीन लिटर शंभर मोजलं, ते मुळात पूर्ण माप नव्हतंच. अर्धवट संपलेली बाटली त्यानं भरलेली समजली, आणि तेवढंच औषध मोठ्या निगुतीनं दुसऱ्या बाटलीत ओतलं. पण मग कांडी? कांडी तर भरलेली दाखवत होती.

मान खाली घालून त्यानं मेव्हण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.  मग मेव्हणा म्हणाला, "कांडी कधी बघितलीत? इंजिन बंद असताना?"

"हो. अर्धा तास थांबून."

"दाजी, हे इंजिनातलं तेल नव्हे. याचं माप गाडी चालू ठेवून घ्यायचं, गरम असताना. बंद केलीत की वरचं तेल खाली उतरतं आणि कांडी खोटं बोलते. जुनं घट्ट तेल कमी असून कसंबसं रेटत होतं, नव्या पातळाला तेवढं पुरेना."

"मग हे गुरुवारी का नाही सांगितलंस?"

"गुरुवारी मी म्हणालो, हात लावू नका. हात कसा लावायचा, ते कशाला सांगू?" मग जरा नरमाईनं म्हणाला, "चालू ठेवून शंभर शंभर घाला. ताईला ब्रेकवर बसवा. आणि दाजी, ते गाळलेलं तेल माझ्या गॅरेजात आणून द्या. घरात ठेवलंत तर कुणाला तरी खोकल्यावर पाजाल."

बायको पदर खोचून गाडीत बसली, दोन्ही पायांनी ब्रेक दाबून. तो सांगेल तसा ती दांडा एकेका खुणेवर नेऊन परत आणत होती. इंजिन चालू ठेवूनच त्यानं कांडी काढली. टोकापर्यंत कोरडी. शंभर घातलं. कोरडी. आणखी शंभर. कोरडी. चारशेला टोक ओलं झालं. सहाशेला खालची खूण आली. बायको म्हणाली, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात." "दाबून धर," तो म्हणाला. आठशे पन्नासला तेल दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जरा खाली थांबलं. त्यानं हात आवरला.

"आता टाक मागं. हळूच ब्रेक सोड."

तिनं दांडा मागं टाकला. तो ओठांतल्या ओठांत एक म्हणतो न म्हणतो, तोच गाडी निमूटपणे मागं सरकली.

"गेली," बायको म्हणाली.

"परत कर."

त्यानं तिला ते अकरा वेळा करायला लावलं.

रविवारी तो साडेपाचला निघाला. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. वाटेत तीनदा थांबून गाडीखाली वाकून पाहिलं. डिकीत उरलेलं तेल, वर खाचांची पट्टी, आणि बायकोनं न विचारता ठेवलेला एक पुठ्ठा. दहाला दहा कमी असताना तो उतार उतरला. अक्का पायरीवर बसली होती, मांडीवर चाव्या. ती उठली नाही. "आलास," एवढंच म्हणाली.

शिवणयंत्र मागच्या सीटवर आलं, सहा कुंड्या डिकीत आणि दोन अक्काच्या पायाशी. शेजारच्या दोघी-तिघी दारात उभ्या होत्या. कंपाउंडरनं दांडा मागं टाकला, मान वळवली आणि ब्रेकवरून पाय उचलला. गाडी पळभर थांबली. त्या पळात त्याला ट्रकवाल्याच्या शेजारची ती सीट आठवली. मग चाकांनी रस्ता पकडला, आणि बावीस वर्षांची गाडी, दोन माणसं, एक यंत्र आणि आठ कुंड्या घेऊन उलटी वर चढू लागली.

वर पोचल्यावर एका रिकाम्या कडेला त्यानं गाडी थांबवली. घरमालक तिथंच राहत होता. अक्का उतरली, चाव्या देऊन आली आणि बसता बसता म्हणाली, "माझ्या पायरीपाशी तुझ्या गाडीचा तांबडा डाग पडलाय."

"माहीत आहे. जुनी गळती आहे. चार तास पुरेल एवढं आहे आत." या वेळी तो खाकरला नाही.

अक्कानं कुंड्यांमधे पाय नीट ठेवले, हातातल्या घड्याळाकडं पाहिलं.

"बाराच्या आधीच चाव्या दिल्या. आता कसली घाई नाही," ती म्हणाली. "हळू चालव."