बरणीतली चौदावी चिठ्ठी

बोरोकाने इतिहासाच्या वहीला चार रंग फासले होते, प्रत्येक पान दहा-दहा वेळा वाचलं होतं. तरी तोंडी परीक्षेच्या सरावात विषयाची चिठ्ठी उचलली आणि तिची दातखीळच बसली. खरी शालान्त परीक्षा तीन आठवड्यांवर होती. इतिहासात गचकली तर नर्सिंगचा प्रवेश हुकणार, आणि तिला तर लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

"येतं गं मला, मावशी. वही उघडली की सगळं येतं!"

"वही उघडली की मलाही येतं," इर्मा मावशी म्हणाली. माको गावच्या बाजारात तिचा लांगोशचा गाडा होता, आणि शाळा सुटली की बोरोका तिथे हाताखाली असायची. तळलेल्या चपट्या पावावर लसूण आणि आंबट साय घालून ती विकायची. सातवीत शाळा सोडलेली बाई, पण थापा कोण मारतंय ते तिला बरोबर कळायचं.

तिने लोणच्याची बरणी धुतली, वीस विषयांच्या वीस चिठ्ठ्या आत टाकल्या आणि वही पिठाच्या पोत्याखाली दडपली. गिऱ्हाईक आलं की बोरोकाने चिठ्ठी काढायची आणि लांगोश तळून होईतो बोलायचं. अडखळली तर वही बघून चूक सुधारायची आणि चिठ्ठी परत बरणीत. जमलं, तर त्या चिठ्ठीला चार दिवस सुट्टी. मग तीही परत बरणीत.

पहिला आठवडा नुसती फजिती झाली. चौदा नंबर, टिसा नदीचे बांध, रोज तिचा जीव खायचा.

"पोरी, आजही नदी उलटीच वाहवलीस की!" शेजारचे कांदेवाले लात्सीकाका खो खो हसायचे.

"वाचताना किती सोपं वाटतं हो!" ती रडकुंडीला यायची.

"रड खुशाल," मावशी म्हणायची, "पण आधी लसूण विचार गिऱ्हाईकाला."

दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, जिथे चारचौघांत तोंडावर आपटलो तेच डोक्यात घट्ट बसलंय. मग तिला चिठ्ठ्यांची मजाच वाटू लागली.

परीक्षेला पांढरा ब्लाउज घालून ती तीन परीक्षकांसमोर उभी राहिली. चिठ्ठी उचलली. चौदा! डोकं कोरं झालं. मग लात्सीकाकांचं हसू आठवलं आणि तोंड सुरू झालं ते थांबेचना. नदी सरळ वाहिली, बांध जागेवर बसले. शेवटचं वाक्य संपलं आणि सवयीने ती बोलून गेली, "लसूण घालू?"

बोरोका लाजेने लालबुंद झाली.

अध्यक्षबाईंनी शांतपणे कागदावर पूर्ण गुण मांडले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"घाल की. आणि साय जरा सढळ हाताने."