डाव्या करंगळीचं एंटर

जनार्दनकाका रेल्वेत टायपिस्ट होते, तेव्हा त्यांच्या वेगाला घाबरून गाड्या झाशीत वेळेआधी शिरत! पुढे अर्धांगवायूतून ते सावरले, पण उजवी करंगळी तेवढी निजलेलीच राहिली. कॉम्प्युटरवर एंटर दाबायचं काम तिचंच. दुसरं बोट धाडलं की बाकीची बोटं जागा चुकत आणि पुढची ओळ अगम्य उमटे. असं एक पत्र वाचून एरच गावच्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, फोनवर विचारलं, "जना, शुद्धीवर आहेस ना?" काकांनी पत्रंच थांबवली.

पुतणी आभाने कीबोर्ड उघडला, डाव्या करंगळीजवळच्या कॅप्स लॉकच्या, आतल्या सर्किटवरच्या तांब्याच्या रेघा कापल्या आणि तिथून एंटरला बारीक तारा जोडल्या.

"काका, आता डाव्या करंगळीने एंटर."

"बिघडवलं असशील तर?"

"दबाइए तो सही!"

काकांनी न बघता अख्खं पान टाइप केलं. सुरुवात होती: "ताई, आभामुळे पुन्हा लिहितोय. तिला आशीर्वाद दे. माझे सगळे देऊन संपले."