घंटेच्या पुढे

फर्मिनचं मनगट मी दगडाने मोडलं. गावात अजूनही त्यासाठी माझी पाठ थोपटतात. बेकरीच्या रांगेत कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, "नेकाने, बरोबर केलंस तू." मी पाव घेते आणि निघते. त्या दिवशी नक्की काय झालं ते तिघांनाच ठाऊक आहे: मला, फर्मिनला आणि मार्त्सेलला.

मार्त्सेल आमच्या गावचा पोस्टमन. सहा वर्षांचे असल्यापासून आम्ही दोघं एकमेकांच्या मागे डोंगर चढतोय. तिसरा उर्को, वयाने लहान, पायाने हलका, तोंडाने सैल. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे तीन शिखरांची शर्यत असते. संघ तिघांचा, आणि तिघं एकत्र पोचले तरच वेळ धरतात. म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग तोच संघाचा वेग. तो हळू माणूस मी होते, आणि ते मला सहन होत नव्हतं. राग माझ्या नाकावर असतो हे मी नाकारत नाही.

ऑक्टोबरात रविवारचा डोंगर शिकाऱ्यांचा. कुत्री सोडून रानडुकरांना बंदुकीपुढे हाकलतात. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी लावतात, की आज इथे गोळ्या चालतील. आम्ही नारिंगी सदरे घालतो. पण त्या दिवसांत नेचा छातीपर्यंत वाढून स्वतःच नारिंगी झालेला असतो, त्यात सदरा कुठला दिसायला? म्हणून आमच्या क्लबचा नियम असा की धुकं असेल तर तिघांतल्या एकाने कमरेला मेंढीची पितळी घंटा बांधायची. शिकाऱ्याला कळावं की माणूस येतोय. घंटा कोणी बांधायची? आधीच्या चढावर जो शेवटी पोचला, त्याने. त्या महिन्यात ती माझ्या कमरेवरून हललीच नव्हती.

पूर्वी शिकारी कुत्र्यांच्या गळ्यातही अशाच घंटा असायच्या. आता सगळ्यांनी रेडिओचे पट्टे घेतलेत. फक्त फर्मिनची कुत्री अजून घंटा वाजवत फिरतात. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. गावात कोणाला माहीत नाही? पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर डोक्यात येईलच असं नसतं.

त्या रविवारी आम्ही सातला निघालो. शिकारी आधी झोपडीत बसून अंडी आणि चोरिसो सॉसेज खातात, वर वाईन घेतात, आणि दहाच्या आत कोणी बंदूक उचलत नाही. हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. नऊला आमचे ठरलेले तीन चढ संपले. तिन्ही वेळा मी शेवटची.

"काय सुरेल वाजतेय," उर्को म्हणाला. "दूध किती देतेस गं?"

"लाथ देते. हवी?"

"तिला चिडवू नकोस रे," मार्त्सेल म्हणाला. "चिडली की वेगात येते, मग आपले हाल."

"अजून एक चढ," मी म्हणाले.

मार्त्सेलने घड्याळाकडे बघितलं. "खाली पाटी बघितलीस ना? घरी चल."

"घाबरलास?"

"सासूला घाबरतो. बाराला जेवायला येतेय."

"अर्ध्या तासाचं काम आहे."

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "ती घंटा माझ्या कमरेला आल्याशिवाय तू आज उतरणार नाहीस."

"नाही उतरणार."

"चल मग. पण शेवटचा हं."

अर्ध्या तासाचा तास झाला. चौथ्या चढावरही मी शेवटीच पोचले, आणि वर धुकं इतकं दाटलं होतं की पाच पावलांवरचं बीचचं झाड दिसत नव्हतं. उतरायला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढे उर्को, मग मार्त्सेल, त्याच्या मागे दहा पावलांवर मी, आणि दर पावलाला माझी घंटा. खाली धुकं जरा विरळ होतं, आणि तिथे वाट डोक्याइतक्या उंच नेच्यातून जाते. मार्त्सेल मला दिसत नव्हता, फक्त नेचा हलताना दिसत होता.

गोळीचा आवाज मी पोटात ऐकला. नेचा हलायचा थांबला. मला वाटलं, मार्त्सेल दचकून खाली बसला. मी त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा तो बसलेलाच होता, दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून. तिथे गुडघा उरलेला नव्हता. हाड बाहेर आलं होतं, पांढरं, स्वच्छ, आणि त्याच्या बोटांतून रक्त उडत होतं. वाहत नव्हतं, दर ठोक्याला उडत होतं. माझ्या सदऱ्यावर उडालं, तोंडावर उडालं, गरम होतं. मार्त्सेल ओरडत नव्हता. कोणीतरी त्याच्या हातात चुकीचं पत्र द्यावं तसा तो त्या पायाकडे बघत होता.

उर्को धावत परत आला. बघितलं आणि तिथेच ओकला.

"पळ," मी म्हणाले. "फोन लागेल तिथपर्यंत पळ."

तो पळाला. आयुष्यात इतका वेगात तो कधी पळाला नसेल. मी दोन्ही पंजे जखमेवर दाबले. तेवढ्यात नेचा फाडत फर्मिन आला.

फर्मिन सहासष्ट वर्षांचा. कारखान्यात लेथवर मला त्यानेच शिकवलं. वीस वर्षं मी त्याला 'तुम्ही' म्हणत आले. बंदूक त्याने कुठे टाकली होती कोण जाणे. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, चेहरा राखेसारखा, आणि तोंडाने एकच: "घंटा ऐकली. मी घंटा ऐकली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जखमेवरचे हात काढले.

हे वाक्य मी अजून कोणापुढे उच्चारलेलं नाही. मी हात काढले, उठले आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. "तू गोळी घातलीस," मी म्हणाले. तू म्हणाले. तो पडला नाही, मला चुकवून मार्त्सेलकडे जाऊ बघत होता. मला वाटलं, पाया पडायला निघालाय, माफी मागायला. मी त्याची काठी हिसकावली आणि पाठीवर घातली, मग मानेवर, मग पुन्हा पाठीवर, काठी मोडेपर्यंत. तो गुडघ्यांवर आला आणि तसाच रांगत निघाला. मी बरगडीत लाथ मारली. त्याचं कुत्रं आलं, त्याच्या गळ्यातली घंटा वाजली, तेव्हा कुठे मला कळलं की आपल्या कमरेला काय बांधलंय. त्यामुळे मी आणखीच पिसाळले. कुत्र्यालाही लाथ घातली. ते केकाटत नेच्यात शिरलं.

फर्मिन रांगतच होता. वळलेली मूठ पुढे धरून रांगत होता. मी एक दगड उचलला, दोन्ही हातांनी मावेल एवढा, आणि त्या मनगटावर घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मूठ उघडली.

मुठीत रबरी पट्टा होता.

डुकराने कुत्र्याला फाडलं की रक्त थांबवायला हे लोक तो जवळ ठेवतात. चाळीस वर्षं फर्मिन कुत्र्यांचे पाय बांधत आलाय, शिवत आलाय. गोळी झाडल्यावर त्याने नारिंगी सदरा बघितला, बंदूक टाकली आणि धावतानाच पट्टा काढून मुठीत घेतला होता.

"मारून झालं असेल," तो जमिनीवरून म्हणाला, तोंडातून रक्त गळत होतं, "तर हा घे. जखमेच्या वर चार बोटं. माझ्याच्याने आता होणार नाही."

लेथवर सांगायचा त्याच आवाजात त्याने मला सांगितलं. कुठे गुंडाळायचा, किती वेढे, मोडक्या काठीचा तुकडा कसा अडकवायचा, किती पिळायचा. "अजून. ओरडू दे त्याला. अजून पीळ." मार्त्सेल तेव्हा पहिल्यांदा ओरडला, आणि मग एकदम गप्प झाला. ओठ मेणासारखे झाले होते. भोवतीचा नेचा चिकट झाला होता आणि मी त्यात गुडघ्यांपर्यंत भिजले होते. हेलिकॉप्टर धुक्यात उतरू शकलं नाही. उर्कोने आणलेल्या चौघांनी त्याला खांद्यावरून खाली नेलं.

फर्मिनने पोलिसांना सगळं सांगितलं. कुत्र्याच्या घंटेच्या पुढे जे हलतं ते डुक्कर, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. नेचा हलला, मागे घंटा वाजली, त्याने चाप ओढला. लपवलं काही नाही. फक्त मनगटाबद्दल म्हणाला, उतारावर पडलो. पण मनगट आणि पाठ पडून तशी होत नाही हे डॉक्टरला कळलं, डॉक्टरकडून गावाला कळलं, आणि गावाने मला डोक्यावर घेतलं.

मार्त्सेलचा पाय मांडीतून काढला. पाय वाचवायचं ऑपरेशन आठ तासांचं होतं, डॉक्टर मला म्हणाली, पण इतकं रक्त गेलेल्या माणसाला आठ तास टेबलावर ठेवता येत नाही. जीव राखायला पाय सोडावा लागला. मी विचारलं, पट्टा चार मिनिटं आधी बसला असता तर? तिने माझ्या बोटांवरच्या दातांच्या खुणा बघितल्या. म्हणाली, "त्याला आता जाऊन भेटा. तुमची आठवण काढतोय."

मी तीन आठवडे गेले नाही. गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. मी नको तिथे बघणार हे त्याला ठाऊक होतं, त्याने मला बघू दिलं.

"सासू रोज येते," तो म्हणाला. "सूप आणते. हे फर्मिनच्या गोळीहून वाईट."

मी हसले नाही. तोही हसला नाही.

"नेकाने, मी तुला हाक मारली होती. दोनदा."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुला ऐकू आली होती?"

खोटं बोलता आलं असतं. गाव माझ्या बाजूने होतं, फर्मिन गप्प होता, आणि अशा वेळी कोणाला काय ऐकू येतं याचा हिशोब कोण ठेवतं?

"आली होती," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने मान हलवली. "त्याला मारताना बरं वाटत होतं?"

"हो."

खिडकीबाहेर पाऊस पडत होता. त्याने तिकडे तोंड वळवलं. मला वाटलं, आता रडेल किंवा शिवी देईल. दोन्ही मला चाललं असतं.

"फर्मिनला पाठव," तो म्हणाला. "दारापर्यंत येतो आणि परत जातो, नर्स सांगत होती. त्याला म्हणावं, आत ये, मला बोलायचंय." मग त्याने सपाट बाजूचं पांघरूण नीट ओढून घेतलं. "आणि तू नको येऊस."